प्रश्नाच्या खुर्चीत कोण बसलं?



मागच्या महिन्याची गोष्ट. गटाची बैठक संपली, बचत मोजून झाली, वहीवर सह्या झाल्या, तरी आमच्या एक काकू जागच्या हलेनात. काकूंची लेक इंग्लंडात असते. तिचे दिवस भरत आलेत, म्हणून काकू बाळंतपणाला तिकडे निघाल्यात. व्हिसा झाला, डिंकाचे लाडू झाले, दुपटी शिवून झाली. काळजी वेगळीच होती.

"मॅडम, जावई कामावर जाणार, लेक नि बाळ झोपणार. दुपारभर मी त्या घरात करू काय? टीव्ही आहे म्हणे, पण सगळं इंग्रजीत. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मी म्हटलं, "काकू, करोडपती बघता ना? तो कार्यक्रम मूळचा तिथलाच आहे."

काकूंना खरं वाटेना. मग मी त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते. ब्रिटनच्या टीव्हीवर प्रश्नमंजुषा कशा आल्या, त्या खुर्चीत कोण कोण बसलं, आणि पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने त्यातलं काय बघावं, याची ही गोष्ट.

बीबीसी ही तिथली सार्वजनिक संस्था, जशी आपली आकाशवाणी आणि दूरदर्शन. तिने टीव्हीचे नियमित कार्यक्रम नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू केले. ३१ मे १९३८ रोजी 'स्पेलिंग बी' नावाचा कार्यक्रम झाला. शब्द सांगायचा आणि स्पेलिंग विचारायचं, एवढंच. टीव्हीवरचा पहिला प्रश्नोत्तरांचा खेळ म्हणून त्याचं नाव घेतात. पण तेव्हा टीव्ही असलेली घरं थोडीच, तीही लंडनच्या आसपास. पुढच्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि टीव्ही बंद पडला, तो जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाला.

प्रश्नमंजुषा गावागावांत नेली ती मात्र रेडिओने. आपण रेडिओवर बोलतोय, म्हणून हे मुद्दाम सांगते. १९४६ सालीच बीबीसी रेडिओवर 'हॅव अ गो' सुरू झालं. अर्थ असा, की 'करून तर बघा'. विल्फ्रेड पिकल्स हे सूत्रसंचालक गावोगाव फिरायचे, तिथल्या लोकांना बोलतं करायचे, मग चार सोपे प्रश्न विचारून थोडे पैसे बक्षीस द्यायचे. पैसे देण्याचं काम त्यांच्या पत्नी मेबल यांच्याकडे. पिकल्स यांची बोली उत्तरेकडची, यॉर्कशायरची. त्या काळी रेडिओवर शिष्ट लोकांचं इंग्रजीच चालायचं. युद्धाच्या दिवसांत पिकल्स यांनी आपल्या ढंगात बातम्या वाचल्या, तेव्हा त्यावर चर्चा झाली होती. त्याच बोलीतला कार्यक्रम पुढे १९६७ पर्यंत चालला आणि कोट्यवधी लोकांनी ऐकला. आपली बोली रेडिओवर शोभेल का, असं ज्या ताई मला विचारतात, त्यांनी हे लक्षात ठेवा.

१९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही ही वाहिनी आली आणि तिच्यासोबत रोख बक्षिसांचे खेळ आले. तिथून प्रश्नमंजुषेच्या दोन वाटा झाल्या. एक पैशाची, दुसरी मानाची. दोन्ही आजही चालू आहेत.

मानाच्या वाटेवरचा जुना कार्यक्रम म्हणजे 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'. सप्टेंबर १९६२ मध्ये तो सुरू झाला. विद्यापीठांतल्या मुलामुलींचे चार-चार जणांचे संघ समोरासमोर बसतात. प्रश्न पडला की ज्याला येतं त्याने बटण दाबायचं. पहिली पंचवीस वर्षं बॅम्बर गॅस्कॉइन प्रश्न विचारायचे. आता २०२३ पासून अमोल राजन विचारतात. ते कोलकात्यात जन्मले आणि लहानपणीच आईवडिलांसोबत इंग्लंडात गेले. प्रश्न फार अवघड असतात. शिकलेल्या इंग्रजांनाही पाच-सहा आले तरी ते खूश होतात. त्यामुळे आपल्याला आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

पण माझा आवडता कार्यक्रम आहे 'मास्टरमाइंड'. त्याची जन्मकथाच वेगळी आहे. बिल राइट नावाचे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. ते शत्रूच्या हाती सापडले, कैदेत त्यांची चौकशी झाली. एकट्या माणसाला बसवायचं आणि प्रश्नांचा मारा करायचा. कैद्याने सांगायचं ते फक्त नाव, हुद्दा आणि क्रमांक. ती आठवण त्यांच्या मनातून जाईना. पुढे बीबीसीत काम करताना त्यांनी त्याच अनुभवातून खेळ बनवला. अंधारं सभागृह, मध्ये काळी खुर्ची, वरून एकच दिवा. बसणाऱ्याला विचारतात तुमचं नाव, तुमचा व्यवसाय आणि तुम्ही निवडलेला विषय. मग दोन मिनिटं प्रश्नांची सरबत्ती. त्यानंतरच्या फेरीत सामान्य ज्ञान.

११ सप्टेंबर १९७२ रोजी पहिला भाग लागला. हा कार्यक्रम जड, म्हणून तो रात्री उशिरा ठेवलेला. पुढच्या वर्षी असं झालं, की संध्याकाळच्या एका विनोदी मालिकेतल्या चावटपणावर लोकांनी तक्रारी केल्या. ती मालिका उशिराच्या वेळेला ढकलली आणि रिकाम्या जागी 'मास्टरमाइंड' लावला. सगळ्या घराने एकत्र बसून बघावा असा तो निघाला आणि देशभर गाजला. सूत्रसंचालक मॅग्नस मॅग्नसन मूळचे आइसलंडचे. प्रश्न अर्धा विचारलेला असताना वेळ संपली, तर ते म्हणायचे, सुरू केलाय तर पुरा करतो. तिथल्या लोकांच्या तोंडी ते वाक्य म्हणीसारखं बसलंय.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. पहिल्या वर्षी, १९७२ ला जिंकल्या नॅन्सी विल्किन्सन. १९७३ ला पॅट्रिशिया ओवेन. १९७४ ला एलिझाबेथ हॉरॉक्स. पहिली तिन्ही वर्षं बायका जिंकल्या. बक्षीस काय? काचेचं एक सुंदर पात्र. पैसा एक नाही. त्याच काळात ब्रिटनमध्ये बाईला पुरुषाइतकाच पगार मिळावा म्हणून झगडा चालू होता. समान वेतनाचा कायदा १९७० ला मंजूर झाला, पण लागू झाला १९७५ च्या अखेरीस. म्हणजे कामाच्या ठिकाणी बाईची मजुरी अजून कमी धरली जात होती, त्याच वर्षांत काळ्या खुर्चीत मात्र तिला तेच दोन मिनिटं आणि तोच दिवा मिळत होता.

मग कष्टकऱ्यांची पाळी आली. १९८० ला फ्रेड हाउसगो जिंकले. ते लंडनचे टॅक्सीचालक. तिथे टॅक्सीचा परवाना हवा तर शहरातले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करून तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेचं नावच 'नॉलेज', म्हणजे ज्ञान. १९८३ ला ख्रिस्तोफर ह्यूज जिंकले. ते लंडनच्या भुयारी रेल्वेचे चालक. त्यांनी एक विषय निवडला होता वाफेची इंजिनं. आपल्या कामातून आणि आवडीतून जे शिकलो, ते ज्ञानच आहे, हे सगळ्या देशाने त्या रात्री पाहिलं. भारतातही १९९८ पासून काही वर्षं 'मास्टरमाइंड इंडिया' चाललं. सिद्धार्थ बसू प्रश्न विचारायचे.

आता काकूंना मी दुपारी बघायला सांगितलेला कार्यक्रम, 'काउंटडाउन'. इंग्रजी कमी येत असलं तरी याचा अर्धा भाग कळतो, कारण तो आकड्यांचा आहे. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोर ही नवी वाहिनी सुरू झाली, आणि तिच्यावर लागलेला पहिलाच कार्यक्रम हा. कल्पना मूळची फ्रान्समधली. एका फेरीत नऊ अक्षरं देतात, त्यांतून मोठ्यात मोठा शब्द करायचा. दुसऱ्या फेरीत सहा आकडे देतात आणि यंत्रातून तीन अंकी एक संख्या येते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून त्या संख्येपर्यंत पोचायचं. एक आकडा एकदाच वापरायचा, सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही. वेळ तीस सेकंद.

समजा आकडे आले ७५, ६, ८, ४, ३, २. गाठायचे आहेत ४६३. काय कराल? पंच्याहत्तर सक चारशे पन्नास. त्यात आठ मिळवले, चारशे अठ्ठावन्न. तीन मिळवले, चारशे एकसष्ट. दोन मिळवले, चारशे त्रेसष्ट. झालं. चार उरला तर उरू दे. साडेसात हजारांच्या कर्जावर शेकडा दोनने महिन्याचं व्याज दीडशे, हे तोंडी सांगणाऱ्या बायका आपल्या गटात आहेत. त्यांना हे जड नाही.

या कार्यक्रमात फळ्यावर आकडे लावायला आणि स्पर्धकांना जमलं नाही तर गणित सोडवून दाखवायला एक बाई लागणार होती. तशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. कॅरल व्होर्डरमन यांच्या आईने ती वाचली आणि लेकीला न सांगता तिच्या नावाने अर्ज करून टाकला. कॅरल तेव्हा एकवीस वर्षांच्या, इंजिनिअरिंग शिकलेल्या. त्या २००८ पर्यंत, सव्वीस वर्षं तिथे राहिल्या. देशातल्या लाखो मुलींनी रोज दुपारी एका बाईला पुरुषांच्या आधी गणित सोडवताना पाहिलं. त्यांच्यानंतर रेचल रायली आल्या, त्याही गणित शिकलेल्या. शब्दकोश घेऊन बसतात त्या सूझी डेंट, १९९२ पासून. म्हणजे हिशेब बाईकडे, शब्द बाईकडे. आणि मधली सूत्रसंचालकाची खुर्ची? तिच्यावर कायम नेमलेली पहिली बाई बसायला २०२१ साल उजाडलं. त्या होत्या अ‍ॅन रॉबिन्सन. हिशेब बाईने लिहायचा आणि सभेचं अध्यक्षपद दुसऱ्याने भूषवायचं, ही रीत आपल्याच गावची नाही, मैत्रिणींनो.

आता पैशाची वाट. ४ सप्टेंबर १९९८ रोजी आयटीव्हीवर 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलिअनेअर' सुरू झालं. चार पर्याय, तीन मदती आणि शेवटी दहा लाख पौंड. तोच खेळ ३ जुलै २००० पासून अमिताभ बच्चन यांच्या आवाजात आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती' म्हणून आला. पुढे मराठीतही आला. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हिंदीतले पहिले करोडपती झाले.

ब्रिटनमध्ये पहिले दहा लाख पौंड कोणी जिंकले? ज्युडिथ केपेल यांनी. व्यवसाय बागा आखून देण्याचा. २० नोव्हेंबर २००० च्या रात्री त्यांना शेवटचा प्रश्न आला: एलेनॉर ऑफ अ‍ॅक्विटेन ही राणी कोणत्या राजाची बायको? उत्तर होतं दुसरा हेन्री. गंमत बघा, वीस वर्षांपूर्वी टॅक्सीवाल्या हाउसगोंनी 'मास्टरमाइंड'साठी हाच राजा विषय म्हणून निवडला होता.

पण पहिली विजेती बाई ठरली आणि लगेच कुजबुज सुरू झाली. त्याच रात्री बीबीसीवर एका लोकप्रिय मालिकेचा शेवटचा भाग होता. त्याचे प्रेक्षक ओढायला आयटीव्हीने हे जमवून आणलं, अशा तक्रारी गेल्या. चौकशी झाली आणि काहीही गैर सापडलं नाही. फसवणूक झाली ती पुढच्या वर्षी. लष्करातले एक मेजर प्रेक्षकांतल्या खोकल्याच्या खुणेवर उत्तरं देत गेले. त्यांना पैसे मिळाले नाहीत आणि २००३ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. केपेल बाईंचं मात्र सगळं खरं होतं. पुढे 'एगहेड्स' नावाच्या कार्यक्रमात त्या आणि रेल्वेचालक ह्यूज एकाच बाकावर बसून कितीतरी वर्षं खेळले.

इथे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांची आठवण ठेवायलाच हवी. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई, महिन्याचं मानधन दीड हजार. २०१९ मध्ये त्यांनी 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकले. लंडनमध्ये सुरू झालेली ती खुर्ची फिरत फिरत खिचडीच्या चुलीपर्यंत आली.

एक खेळ तर बचतीचाच आहे. 'वीकेस्ट लिंक', म्हणजे कच्चा दुवा. ऑगस्ट २००० मध्ये सुरू झाला. सगळे मिळून ओळीने उत्तरं देतात. बरोबर उत्तरांची साखळी वाढेल तशी रक्कम वाढते. पण कोणी चुकलं की साखळीतले पैसे बुडाले. म्हणून आपली पाळी आली की प्रश्नाच्या आधी 'बँक' असं म्हणायचं, म्हणजे तोवरची रक्कम सुरक्षित. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मात्र पुढचा नियम मला पटत नाही. दर फेरीनंतर मतदान करून एकाला घरी पाठवतात. आपल्या गटात कच्च्या दुव्याला धरून ठेवायचं असतं. हाच खेळ २००१ मध्ये नीना गुप्ता यांनी हिंदीत केला होता, 'कमज़ोर कड़ी कौन' या नावाने.

आता एक टोचणारी गोष्ट. २००९ मध्ये 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'मध्ये ऑक्सफर्डच्या एका संघाची कर्णधार होती गेल ट्रिंबल. लॅटिन साहित्यात संशोधन करणारी. संघाचे दोन-तृतीयांश गुण तिने एकटीने मिळवले. बटण दाबायची, शांतपणे उत्तर सांगायची. एवढ्यावर लोकांनी काय काय लिहिलं! फार शहाणी समजते, हसते कशी बघा, दिसते कशी बघा. पुरुषांच्या एका मासिकाने तर फोटो काढायला येशील का म्हणून विचारलं. ती गेली नाही. तिचा संघ अंतिम सामना जिंकला, पण एका खेळाडूचं शिक्षण आधीच संपलेलं होतं असं निघालं आणि विजेतेपद मँचेस्टरला गेलं. तिची त्यात काही चूक नव्हती. मला वाटतं, हुशार मुलगा जिंकला असता तर त्याच्या हसण्यावर कोणी ओळ लिहिली नसती. शिकलेल्या देशातही जाणत्या बाईला हे ऐकावं लागतं. मग आपल्या ग्रामसभेत बोलणाऱ्या बाईला ऐकावं लागतं, यात नवल ते काय. ट्रिंबल बाई पुढे ऑक्सफर्डमध्येच शिकवू लागल्या, हेही सांगायला हवं.

शेवटी, ज्यांना प्रश्न जड वाटतील त्यांनी 'पॉइंटलेस' बघावं. २००९ पासून संध्याकाळी लागतं. शंभर माणसांना आधीच एक प्रश्न विचारून ठेवलेला असतो. जे उत्तर सगळ्यात कमी लोकांनी दिलं, ते तुम्ही द्यायचं. कोणीच न दिलेलं पण बरोबर उत्तर असेल तर सगळ्यात भारी. समजा विचारलं, महाराष्ट्रातली नदी सांगा. गोदावरी, कृष्णा सगळेच म्हणतील. पण सिंदफणा म्हणेल ती बीडची बाई, माणगंगा म्हणेल ती माणदेशची. जिचं ज्ञान आडवाटेचं, ती इथे जिंकते.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. तिथे टीव्ही बघायला घराचं टीव्ही लायसन्स लागतं, ते आहे ना एवढं लेकीला विचारा. आपल्याकडेही पूर्वी रेडिओचं लायसन्स असायचं, सासूबाईंना विचारून बघा. रिमोटवर सबटायटल लावून घ्या, म्हणजे बोललेलं खाली लिहून येतं. कानाने निसटलेला शब्द डोळ्याला सापडतो. दुपारी 'काउंटडाउन', संध्याकाळी 'पॉइंटलेस', आणि सोमवारी रात्री जावयाला शेजारी बसवून 'मास्टरमाइंड'. तेव्हा जावयाला आलं नाही तर हसू नका.

काकू गेल्या बुधवारी पोचल्या. परवा लेकीच्या फोनवरून त्यांचा आवाज आला. "मॅडम, आज एक गणित त्या पोरीच्या आधी मी सोडवलं. पण मनातच सोडवलं." मी म्हटलं, "काकू, उद्या मोठ्याने सांगा. बाळालाही ऐकू जाऊ द्या."

तुम्हालाही तेच सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की पाच मिनिटं काढा आणि हे गणित घाला. आकडे ५०, ९, ७, ४, ३, १. गाठायचे आहेत ३८७. कागद-पेन नको, मोबाइल नको, तीस सेकंद. ज्या ताईला येईल तिने उभं राहून मोठ्याने सांगायचं. उत्तर मी सांगणार नाही. ते तुमच्यातल्या कोणाकडे तरी आहेच.